दोन आठवड्यांची सेवा

पुण्याजवळच्या रावेतच्या नव्या सोसायट्यांत चाकण-हिंजवडीला कामाला जाणारी बरीच तरुण मंडळी राहतात. समाजकार्य त्यांना नवं नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, तेव्हापासून शनिवारी एकसारखे टी-शर्ट घालून झाडं लावणं जणू नोकरीचाच भाग झालं. त्यातल्या कुणाला पुढे वाटतं, की रजा काढून नेपाळला नाहीतर आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात दोन आठवडे मुलांना शिकवून यावं. हेतू चांगलाच. पण त्या दोन आठवड्यांत कोण कोणाची सेवा करतं?

पाहुण्याला जेवू घालायचं, दुभाषा द्यायचा, आजारी पडला तर दवाखान्यात न्यायचं. सुरुवातीचे दिवस स्वयंसेवक हा यजमानावरचा भारच असतो. तो भार कधी उतरतो, हे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांकडे पाहून कळतं.

सप्टेंबर १९३८मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पथकातले पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला मुंबईहून निघाले. कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. १९३९च्या सुरुवातीला पथक येनानला पोचलं. राहायला पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा, खायला राळ्याची पेज. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराला भरड धान्य परकं नव्हतं म्हणा, पण रोज तेच! दरम्यान कोटणीसांचे वडील वारल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. सोबतचे बहुतेक डॉक्टर एकेक करून मायदेशी गेले. कोटणीस चिनी शिकले, इतकी की विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया त्याच भाषेत शिकवू लागले. १९४१मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रं त्यांच्याकडे आली. रोग्याशी बोलता न येणाऱ्या माणसाच्या हाती कोणी रुग्णालय सोपवत नाही. तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. मागे राहिले ते त्यांच्या हाताखाली तयार झालेले चिनी डॉक्टर.

उलट दिशेचा दाखला फलटणचा. अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी आधी मराठीचा अभ्यास केला, मग प्रगत शिक्षण संस्था काढून मुलांना मराठीतून वाचायला शिकवलं, आणि भारताचं नागरिकत्वही घेतलं.

सगळ्यांनी आयुष्य वाहून टाकावं, असं कोण म्हणेल? गृहकर्जाचे हप्ते कोणाला चुकलेत! पण दोन आठवड्यांच्या सेवेचा अर्ज भरण्याआधी तिथल्या संस्थेला दोन गोष्टी विचाराव्यात: हे काम गावातला माणूस करू शकत नाही का, आणि मी परतल्यावर ते कोण चालवणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर विमानाचे पैसे तिथल्या एखाद्या शिक्षकाच्या पगाराला द्यावेत. शिकवण्याची हौस उरलीच, तर रावेतच्या बांधकामांवर बिहार-बंगालहून आलेल्या मजुरांची मुलं आहेत. त्यांच्यातल्या काहींसाठीही आधी थोडी बंगाली शिकावी लागेल.