पथ्याची परतीची वाट

सांधे धरले की आपल्याकडे औषधाच्या आधी यादी मिळते. वाटाणा बंद, हरभरा बंद, वांगं-बटाटा बंद, दही बंद, चिंचेचं तर नावच काढायचं नाही. यादी दिली कुणी म्हणावं, तर कुणाच्या तरी मावशीला तिचा गुण आलेला असतो आणि मावशी कुठल्या गावची हे कुणालाच ठाऊक नसतं. अलीकडे तिला मोबाइलवरून पुरवणी आली आहे : गहू, दूध, टोमॅटो, मिरची, शेंगदाणे आणि झाडून सगळ्या डाळी. सुप्यात बसून ही जोडयादी वाचताना (शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपं वेगळं, ते बारामती तालुक्यात, आमचं नगर-पुणे रस्त्यावरचं) पहिला प्रश्न पडतो तो साधा. पारनेर तालुका पिकवतो काय? बाजरी, ज्वारी, मूग, मटकी, हुलगा, कांदा. आणि पावसाळ्यातला वाटाणा तर पुण्या-मुंबईच्या बाजारात नाव राखून आहे. आमच्या शिवारात जे उगवतं, त्यातलं निम्मं या यादीत आरोपी म्हणून उभं आहे.

बोलतोय ते वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यांबद्दल नाही. बोलतोय र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल, ज्याला आपण आमवात म्हणतो. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते, सांधे सुजतात, सकाळी बोटं मिटत नाहीत. हा शहरी किंवा श्रीमंतांचा आजार आहे असं कुणाला वाटत असेल, तर भिगवण आठवावं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून त्या गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने घरोघर जाऊन पाहणी केली. प्रौढांमध्ये या आजाराचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ. दहा हजार प्रौढांच्या गावात ती पन्नास माणसं होतात, आणि त्यात बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीने.

आहाराचा आणि या दुखण्याचा संबंध लावण्याची कल्पना जुनी आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने आपल्या ‘माधवनिदान’ ग्रंथात आमवाताला स्वतंत्र आजार म्हणून प्रकरण दिलं. मंदावलेल्या अग्नीमुळे न पचलेला ‘आम’ वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्याची मांडणी. अकराव्या शतकातल्या चक्रपाणीने उपचार सांगताना सुरुवात लंघनापासून केली. पण वैद्यकात पोट रिकामं करण्याइतकंच ते पुन्हा भरण्याचंही शास्त्र होतं. वमन-विरेचनानंतर रोग्याला एकदम जेवायला बसवत नसत. आधी पेया (पातळ पेज), मग दाट विलेपी, मग कढण, मग पूर्ण अन्न. याला संसर्जनक्रम म्हणत. आमच्यापर्यंत लंघन पोचलं, क्रम वाटेतच गळाला. आणि लंघन तरी कसलं, एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचा कूट खाऊन सांध्याची सूज उतरल्याचं कोणत्याच ग्रंथात लिहिलेलं नाही.

प्राचीन म्हणून जी यादी सांगितली जाते तिच्याकडे जरा निरखून पाहावं. तिच्यात बटाटा आहे, नव्या पुरवणीत टोमॅटो आणि मिरची. ही तिन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीज जहाजं यायच्या आधी आपल्याकडे कुणी पाहिलेलीही नव्हती. माधवकराने बटाटा वर्ज्य केला असणं शक्य नाही. म्हणजे यादी दर पिढीत कुणीतरी वाढवत आलं आहे. वाढवली ते वाढवली, एखादं नाव कमी केल्याचं मात्र ऐकिवात नाही.

युरोपातही घोळ कमी नव्हता. तिथे सगळी सांधेदुखी गाऊटच्या खात्यात जमा होई. १८०० साली पॅरिसच्या लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात हा आजार गाऊटपासून वेगळा काढला, आणि इंग्लंडच्या आल्फ्रेड गॅरॉडने १८५९ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. गाऊटमध्ये यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचतात. मांस, दारू कमी केली तर फरक पडतो. तिथे पथ्याला थेट कारण आहे. गंमत अशी, की दोन आजार वेगळे होऊन दोनशे वर्षं उलटली तरी पथ्य एकच राहिलं. आजही आमच्याकडे रिपोर्टात यूरिक अ‍ॅसिड काठावर दिसलं की बोटांचे सांधे सुजलेल्या बाईची डाळ बंद होते. आजार एकाचा, पथ्य दुसर्‍याचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांना आतड्यात, दातांत, टॉन्सिलमध्ये विष साचतं आणि तेच सांध्यांपर्यंत जातं, अशा विचाराने पछाडलं होतं. माधवकराच्या आमाशी याचं साम्य कुणालाही दिसेल. पण तिथे लोकांनी उपाशी राहण्यावर भागवलं नाही. सांधेदुखीसाठी धडधाकट दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. शरीर स्वतःवरच उलटेल ही कल्पना तेव्हा डॉक्टरांच्या मनाला शिवत नव्हती, कारण पॉल एर्लिखसारख्या मोठ्या माणसाने शतकारंभीच सांगून ठेवलं होतं की शरीर असला आत्मघात टाळतं. नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये थायरॉइडविरुद्धची अशी लढाई १९५६ मध्ये दाखवून दिली, आणि मग विचाराची दिशा बदलली. अन्नात विष कोणतं, हा प्रश्न मागे पडला. अन्नातलं काय या बिथरलेल्या फौजेला चिथावतं आणि काय शांत करतं, हा पुढे आला.

याचं पक्कं उत्तर आजवर एकाच आजारात मिळालं आहे. तो सांध्यांचा नाही, आतड्याचा : सिलिअ‍ॅक. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना युद्धाच्या आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. आणि सगळा देश खंगत असताना या आजाराची पोरं मात्र बरी राहिली. पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पोरांना एकेक धान्य मुद्दाम पुन्हा देऊन पाहिलं. गव्हाने त्रास होतो, तांदळाने होत नाही, बटाट्याने होत नाही. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध आला. काढून टाकल्यावर बरं वाटणं हा अर्धा पुरावा. परत दिल्यावर पुन्हा बिघडणं हा उरलेला अर्धा. या दुसर्‍या अर्ध्याशिवाय डिके यांच्याकडे नुसता संशय उरला असता.

सिलिअ‍ॅक आपल्याकडे उत्तरेत जास्त. दिल्लीच्या एम्सच्या पाहणीत उत्तर भारतात शंभरात सुमारे एक, तर दक्षिणेत हजारात एक असा हिशेब निघाला. आजाराची जनुकं दोन्हीकडे जवळपास सारखीच. फरक ताटातल्या गव्हाचा. गव्हाला पर्याय हाताशी असावा म्हणून डॉक्टर ज्वारी-बाजरी सुचवतात तेव्हा बरं वाटतं, कारण आमच्या आजीच्या घरात चपाती सणावारी व्हायची. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो आणि कामावर सुकडी आली, पुढे गहू रोजचा झाला. पण बाजरीची भाकरी सिलिअ‍ॅकमध्ये औषध आहे म्हणून आमवातातही असेल, असा अर्थ काढला जातो तेव्हा गाऊटच्याच चुकीची नवी आवृत्ती निघते.

आमवातात असे प्रयोग झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेत रिचर्ड पॅनुश यांनी १९८३ मध्ये त्या काळी गाजलेलं एक पथ्य तपासलं. २६ रोगी, दहा आठवडे, काहींना ते पथ्य आणि बाकीच्यांना तितकंच कडक वाटणारं पण बनावट. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पण एक-दोघांना उघड बरं वाटलं, आणि पॅनुश यांनी तो धागा सोडला नाही. पुढे त्यांना एक बाई सापडली जिचे सांधे दुधाने खरोखर धरत; तिला न कळेल अशा रीतीने दूध दिलं तरी धरत. मग १९९१ मध्ये नॉर्वेचा प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये आला. २७ रोग्यांनी सात ते दहा दिवस जवळपास उपास केला, नंतर वर्षभर शाकाहार. शेजारी २६ जण नेहमीचं जेवत होते. पहिल्या गटाची सूज, वेदना, सकाळचा ताठरपणा कमी झाला आणि हा फरक वर्षभर बराचसा टिकला. सगळ्यांना गुण आला नाही, आणि आपण काय खातोय हे रोग्यांना माहीत होतं, त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढता येत नाही. तरी त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. उपासानंतर दर दोन दिवसांनी एकच नवा पदार्थ. दोन दिवसांत दुखणं वाढलं तर तो आठवडाभर बाजूला, नंतर पुन्हा परीक्षा. संसर्जनक्रमाच्या इतकं जवळचं मला दुसरीकडे काही दिसलेलं नाही.

मग याद्या इतक्या चालतात कशा? या आजाराला भरती-ओहोटी आहे. माणूस पथ्य सुरू करतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार आपोआपही येतो. श्रेय त्या आठवड्यात सोडलेल्या वांग्याला मिळतं. पुन्हा वांगं खाऊन बघायची हिंमत कुणाला होत नाही, त्यामुळे वांगं जन्मभर दोषी. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा हे एकाच कुळातले म्हणून सगळे वाईट, हा सिद्धांत अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले नॉर्मन चाइल्डर्स यांनी १९७०च्या दशकात मांडला. ते बागायतीचे प्राध्यापक. आधार होता तो मुख्यतः आपल्याला गुण आला असं कळवणार्‍या लोकांचा. ज्यांना आला नाही ते कशाला कळवतील!

आमच्या नात्यातल्या एका वहिनींना चारेक वर्षांपूर्वी हा आजार निघाला. भाकरी थापताना बोटं पसरत नाहीत म्हणून त्या तळहाताच्या कडेने गोल फिरवतात. एका बाजूला जाड राहते. डब्याचं झाकण लेक उघडून देते. त्यांच्या मुलाने शहरातून एक आहारतक्ता आणला, चांगला प्लॅस्टिकमध्ये घातलेला. धान्य नाही, कडधान्य नाही, दूध, अंडी, दाणे, तीळ, जवस नाही, मिरची नाही. खायचं काय, तर अ‍ॅव्होकाडो, नारळाचं पीठ, हाडांचं सूप, रताळी. वहिनी माळकरी. चष्मा लावून त्यांनी तक्ता वाचला आणि म्हणाल्या, “भाऊजी, ह्याच्यात मीठ न् पाणी सोडून काय राह्यलंय, तेवढं सांगा.”

हसू आलं, पण हिशेब गंभीर होता. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि हा आजार स्वतःही स्नायू खातो, रक्त उतरवतो. अशा बाईची डाळ, कडधान्य, दूध एकदम काढून घेतलं आणि अंडं-मटण तिला चालत नाही, तर सुजेच्या आधी तीच उतरेल. तो तक्ता ज्या अमेरिकी पद्धतीवर बेतला आहे, तिच्यातही काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत आणायला सांगितलेलं आहे. तक्त्याच्या मागची बाजू कोरी होती.

अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये आहाराबद्दल सल्ला तयार केला तो फार माफक आहे. भूमध्य समुद्राकाठचा आहार घ्यावा : भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे, ऑलिव्ह तेल, साखर आणि कारखान्यातून येणारे तयार पदार्थ कमी. बाकीची नावाजलेली पथ्यं करू नयेत, असंच झुकतं माप. आणि हे सगळं औषधांच्या जोडीला, औषधांऐवजी नाही. हे मी जोर देऊन लिहितो, कारण मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी पथ्याच्या भरवशावर सोडणारी माणसं पाहिली आहेत. दुखणं शांत असतानाही आत हाड कुरतडलं जाऊ शकतं, आणि वाकडं झालेलं बोट कुठल्याही आहाराने सरळ होत नाही.

ऑलिव्ह आणि मासे वगळले तर तो आहार पारनेरच्या जुन्या ताटापासून फार लांब नाही. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, मटकीची उसळ, भाकरी, कांदा. भाजी मात्र आम्ही तोंडी लावण्यापुरती घेतो. ती दुप्पट-तिप्पट व्हायला हवी. जवसाच्या चटणीबद्दल मोठा गाजावाजा आहे. जवस चांगला, पण माशाच्या तेलातलं जे ओमेगा-३ सांधेदुखीच्या चाचण्यांत थोडंफार उतरलं, ते शरीर जवसापासून फारच थोडं बनवतं. हळदीचंही तेच, चाचण्यांतला अर्क आणि आमटीतली चिमूट यांत फार अंतर आहे. कमी करायचं ते एमआयडीसी आल्यापासून वाढलेलं : दिवसाला पाच-सहा गोड चहा, खारी, फरसाण, वडापाव.

खरी अडचण पुढेच असते. या आजाराची रोगी बहुतेक वेळा तीच, जी घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायचा तर तोही तिनेच, त्याच बोटांनी. असलं पथ्य महिनाभर चालतं आणि सासू-नणंदांच्या नजरेपुढे लाजून बंद पडतं. वहिनींच्या घरी तक्ता कपाटावर गेला आणि वहीत तारखा आल्या. पुण्याच्या डॉक्टरांना विचारून त्यांनी एका वेळी एकच गोष्ट तीन आठवडे थांबवली, नंतर परत घेतली. वांगं, चिंच, हरभरा निर्दोष सुटले. दुधाबद्दल शंका आली, दोनदा करून पाहिलं, दोन्हीदा सकाळ जड गेली. तेवढं एक सोडलं, ताक चालतं. चहातली साखर आणि संध्याकाळचं फरसाण सगळ्या घराचंच बंद झालं. सासूबाई पहिले आठ दिवस कुरकुरल्या, कारण फरसाण त्यांचं होतं.