पाहुण्यांचा स्टँड

३१ मार्च २०१९ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पोर्ट्समथ आणि संडरलंड यांच्यातला सामना बघायला ८५,०२१ माणसं आली होती. दोन्ही संघ तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत होते. चषक असा, की प्रीमियर लीग कोळून प्यायलेल्या आपल्याकडच्या पोरांनाही त्याचं नाव चटकन सांगता येणार नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते नावच टिकत नाही. १९८३-८४च्या मोसमात फक्त तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या क्लबांसाठी ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ती ‘असोसिएट मेंबर्स कप’ होती. मग प्रायोजक येत गेले. फ्रेट रोव्हर, शेर्पा व्हॅन, लेलँड डॅफ, ऑटोग्लास, एलडीव्ही व्हॅन्स, जॉन्स्टोन्स पेंट, पापा जॉन्स, ब्रिस्टल स्ट्रीट मोटर्स, व्हर्टू. टेम्पो, ट्रक, गाडीच्या काचा, भिंतीचा रंग, पिझ्झा. एखाद्या औद्योगिक वसाहतीतून जाताना पाट्या वाचाव्यात तशी ही यादी आहे. लेलँड डॅफचं १९९३मध्ये दिवाळं निघालं, एलडीव्हीचं २००९मध्ये. नाव देणारे कारखाने बुडाले, चषक चालू राहिला. हिशेबापुरतं त्याला ‘ईएफएल ट्रॉफी’ म्हणतात.

त्याचा जन्मही फारसा थाटाचा नव्हता. १९८४ची पहिली अंतिम लढत वेम्ब्लीवर व्हायची होती, पण घोड्यांच्या एका मोठ्या प्रदर्शनाने तिथलं गवत खराब करून ठेवलेलं. सामना हल शहरात हलवला. हल सिटी आपल्याच मैदानावर बोर्नमथकडून २-१ असा हरला. चारच वर्षांनी, १९८८मध्ये, वुल्व्हज आणि बर्नली हे दोन जुने नामवंत क्लब चौथ्या श्रेणीत पोचलेले असताना याच चषकाच्या अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर लोक जमले.

आता याच स्पर्धेचा दुसरा चेहरा. सप्टेंबरातला एखादा मंगळवार, रात्रीचा गटसामना. दहा हजारांचं मैदान आणि आत पाचशेसुद्धा माणसं नाहीत. कित्येकदा क्लब एकच स्टँड उघडतो, बाकीचे कुलूपबंद. गोलरक्षकाने बचावपटूला दिलेली शिवी सगळ्यांना ऐकू जाते. शरद ऋतूत या स्पर्धेला नाक मुरडायचं आणि वसंतात तिच्याच अंतिम सामन्याची तिकिटं काढायला रांग लावायची, हा इंग्लंडमधल्या खालच्या श्रेणीच्या फुटबॉलप्रेमींवरचा नेहमीचा आरोप. ढोंग आहे का हे? माझ्या मते मुळीच नाही. दोन्ही वेळी ते एकच गोष्ट मोजत असतात: सामन्याला समोरून कोण आलं आहे, आणि आपण कुठे चाललो आहोत.

२०१६ साली या स्पर्धेत एक बदल झाला. प्रीमियर लीगच्या क्लबांचे एकवीस वर्षांखालचे संघ तिच्यात घेतले गेले. इंग्लंडच्या तरुण खेळाडूंना मोठ्यांच्या फुटबॉलचे टक्केटोणपे मिळत नाहीत, ते इथे मिळतील, असा युक्तिवाद होता. युक्तिवादात तथ्य आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला पस्तिशीतल्या एखाद्या दांडग्या बचावपटूच्या कोपरापासून जे शिकता येतं ते अकादमीच्या हिरवळीवर शिकता येत नाही. पण प्रेक्षकांना निराळाच वास आला. दोनच वर्षांपूर्वी, मे २०१४मध्ये, फुटबॉल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष ग्रेग डाइक यांच्या समितीने मोठ्या क्लबांच्या ‘ब’ संघांना सामावून घेणारी एक नवी श्रेणी सुचवली होती. तेव्हा तिला इतका विरोध झाला की तो विषय मागे पडला. आता तीच कल्पना मागच्या दाराने येते आहे, अशी शंका लोकांनी घेतली आणि बहिष्कार पुकारला. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांतल्या आर्सेनल, लिव्हरपूल, टॉटनहॅम आणि मँचेस्टरच्या दोन्ही क्लबांनी पहिल्या वर्षी यायचंच नाकारलं. जागा भरायला दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांच्या अकादम्या बोलवाव्या लागल्या.

त्या वर्षीच्या नियमांचे किस्से तर सरकारी परिपत्रकांना लाजवतील असे आहेत. कमकुवत संघ उतरवायचा नाही, ठरावीक संख्येने मुख्य संघातले खेळाडू सुरुवातीला मैदानात हवेत, असा दंडक होता. ब्रॅडफर्ड सिटीने बरीविरुद्ध आपला नेहमीचा गोलरक्षक उतरवला, नियम पाळला, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावून बदली गोलरक्षक आत पाठवला. लुटनने स्वतःच्या अकादमीतली पोरं खेळवली म्हणून त्यांना पंधरा हजार पौंडांचा दंड झाला. म्हणजे तरुणांना संधी मिळावी म्हणून बदललेल्या स्पर्धेत तरुणांना संधी दिल्याबद्दल दंड! पोरं चेल्सीची असती तर चाललं असतं, लुटनची होती म्हणून चाललं नाही. यातला अपमान कळायला फुटबॉल कळायची गरज नाही.

‘ब’ संघ वाईट असतात असं कुणी म्हणत नाही. स्पेनमध्ये ते वर्षानुवर्षं खालच्या श्रेणींत खेळतात. १९८०मध्ये तर रेआल माद्रिदचाच ‘ब’ संघ कास्तिया स्पॅनिश चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, समोर खुद्द रेआल माद्रिद. निकाल ६-१, थोरल्यांच्या बाजूने. ती व्यवस्था तिकडे रुजलेली आहे. इंग्लंडची बांधणी वेगळी. तिथे पस्तीस-चाळीस हजार वस्तीच्या गावाचाही स्वतःचा क्लब असतो आणि तो कुणाची शाखा नसतो. ॲक्रिंग्टनसारख्या लहानशा गिरणगावाचा क्लब १९६२मध्ये हंगाम अर्धा टाकून लीगमधून बाहेर पडला. त्याच नावाचा नवा क्लब १९६८मध्ये उभा राहिला आणि २००६मध्ये लीगमध्ये परत आला. इतकी वर्षं वाट पाहून मिळवलेल्या जागेवर समोर कुणाचा तरी राखीव संघ येऊन उभा राहिला, तर तिथल्या माणसाला काय वाटेल?

पण माझ्या मते मुख्य हरकत याहून साधी आहे. मोठ्या क्लबचा एकवीस वर्षांखालचा संघ येतो तेव्हा खेळाडू येतात, प्रशिक्षक येतो, फिजिओ येतो. त्यांच्यामागून गाव येत नाही. पाहुण्यांचा स्टँड रिकामा राहतो. आणि तो रिकामा असला की यजमानांच्या ओरडण्यालाही धार राहत नाही, कारण ओरडायचं कुणाच्या नावाने? घरच्या प्रेक्षकाला वाटतं की सामना आपल्यामुळे होतो. पैशाच्या बाजूने ते खरंही असेल. पण सराव आणि सामना यांत जो फरक आहे, तो परगावाहून आलेली दोन-तीनशे माणसं करतात.

ही माणसं करतात काय, ते बघण्यासारखं आहे. २०१९-२०च्या मोसमात कार्लाइल आणि प्लिमथ चौथ्या श्रेणीत एकत्र होते. एक गाव स्कॉटलंडच्या सीमेला टेकलेलं, दुसरं दक्षिणेच्या समुद्रावर. अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूचं. मुंबईहून गोव्याला जायचं, नव्वद मिनिटं उभं राहायचं, बहुधा हरायचं आणि त्याच रात्री परत फिरायचं. पहाटे बस निघते. यातून मिळतं काय, असं विचारणाऱ्याला उत्तर देता येत नाही, आणि जाणारेही ते देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. लीगच्या सगळ्या ९२ मैदानांवर सामना बघितलेल्यांची १९७८पासून एक संघटनाच आहे. हा छंद टिंगलीचा विषय होतो, पण मला त्यात एक प्रकारचं देशाटन दिसतं. ज्या गावांना पर्यटक कधीही जाणार नाहीत अशी गावं ही मंडळी पायाखाली घालतात, तिथल्या खाणावळीत जेवतात, तिथल्या लोकांशी हुज्जत घालतात.

आणि मैदानंही एकेक अशी! ग्रिम्सबी टाउनचं ब्लंडेल पार्क ग्रिम्सबीत नाहीच, ते शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. त्यामुळे हा क्लब प्रत्येक सामना बाहेरगावीच खेळतो हा विनोद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. लुटनच्या केनिलवर्थ रोडवर पाहुण्यांचं प्रवेशद्वार चाळीसारख्या लागून असलेल्या घरांच्या रांगेत आहे. दोन घरांच्या मधून आत शिरायचं, लोखंडी जिना चढायचा, आणि खाली लोकांची परसदारं. श्रूजबरीचं जुनं मैदान, गे मेडो, सेव्हर्न नदीला खेटून होतं. तिथे चेंडू नदीत पडला की तो काढायला टोपलीवजा होडीत माणूस असायचा, हे बरीच वर्षं चाललं. २००७मध्ये क्लब नव्या मैदानावर गेला. नव्या मैदानांत गाड्या लावायला जागा असते, खांब आड येत नाहीत, स्वच्छतागृहं बरी असतात. आणि डोळे बांधून आत सोडलं तर कुठल्या गावात आलो ते सांगता येत नाही.

मात्र जुन्याचं कौतुक करताना जपून. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेडवर लाकडी स्टँडला आग लागली आणि काही मिनिटांत ५६ माणसं गेली. सामना तिसऱ्या श्रेणीचा, मोसमातला शेवटचा, पाहुणा संघ लिंकन सिटी. मेलेल्यांत दोघे लिंकनहून आलेले होते. लिंकनच्या मैदानावरच्या एका स्टँडला त्या दोघांची नावं दिलेली आहेत. ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ असं म्हणणाऱ्याने तो लाकडी स्टँड विसरू नये.

परगावाहून येणाऱ्या माणसांचं हे महत्त्व ध्यानात घेतलं, की मग वेम्ब्लीचा अर्थ लागतो. २०१६-१७मध्ये, म्हणजे बहिष्काराच्याच वर्षी, कॉव्हेंट्री सिटी अंतिम फेरीत आला. क्लबची अवस्था दयनीय होती, मालकांविरुद्ध लोक पेटलेले, आणि त्याच मोसमात तो १९५९नंतर पहिल्यांदा चौथ्या श्रेणीत घसरला. घरच्या लीग सामन्यांना सरासरी नऊ-दहा हजार लोक येत होते. वेम्ब्लीला कॉव्हेंट्रीहून चाळीस हजारांहून अधिक गेले. ऑक्सफर्डला २-१ हरवून चषक घेऊन आले. जे वर्षभर मैदानाकडे फिरकले नव्हते तेही त्या गर्दीत होते, यावर काही निष्ठावंत कुरकुरले. मला ती कुरकुर कळते, पटत नाही. वेम्ब्ली हे दोन्ही संघांना परकं मैदान. तिथे दोन्ही गावं पाहुणी म्हणून येतात, दोन्ही टोकांचे स्टँड पाहुण्यांचे. म्हणून ती गर्दी होते. चषक कसला आहे हे त्यात गौण. अकादमीच्या एकाही संघाला २०२५पर्यंत अंतिम फेरी गाठता आलेली नाही, यावर खालच्या श्रेणीचे क्लब गुपचूप खूश असतील. मार्च २०२१मध्ये साथीमुळे लांबलेला एक अंतिम सामना आणि त्या वर्षीचा दुसरा, असे दोन्ही लागोपाठच्या दिवशी रिकाम्या वेम्ब्लीवर उरकले. सॅल्फर्ड आणि संडरलंड जिंकले. नोंद आहे, आठवण कुणाकडे असणार?

आपला या सगळ्याशी एक चमत्कारिक संबंध आहे. शनिवारी दुपारी तीनचे सामने ब्रिटनमध्ये थेट दाखवायला बंदी आहे. साठच्या दशकापासूनची ही चाल, बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहातून आलेली. हेतू हा की लोकांनी घरी बसून मोठे सामने बघू नयेत, आपल्या गावच्या मैदानावर जावं. आपल्याला ही बंदी नाही. त्यामुळे मँचेस्टरच्या माणसाला घरबसल्या बघता न येणारा सामना कोथरूडमधला माणूस रात्री साडेआठला सोफ्यावर बघतो. आपण त्या खेळाचे सर्वांत सुखी गिऱ्हाईक आहोत, आणि म्हणूनच तिथल्या निर्णयांत आपला वजनदार वाटा असतो, तिथल्या पाहुण्यांच्या स्टँडमध्ये उभ्या असलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक. २०२४मध्ये एफए चषकाच्या मुख्य फेऱ्यांतले फेरसामने रद्द झाले, कारण मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जागा नव्हती. २००५मध्ये लीगबाहेरच्या एक्सेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० असं रोखलं. फेरसामना एक्सेटरला झाला, आणि त्या दोन सामन्यांच्या पैशाने चाहत्यांच्याच मालकीचा तो क्लब कर्जातून वर आला. ती वाट आता बंद आहे.

आपल्याकडे कोल्हापूर हे एकच गाव मला दिसतं जिथे क्लब पेठेचा, तालमीचा असतो. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर तिथल्या चषकांना जी गर्दी होते ती कुठल्याही दूरचित्रवाणी कंपनीने जमवलेली नाही. फरक एवढाच की सगळे एकाच मैदानावर खेळतात, त्यामुळे प्रवास नाही. मुंबईत १८९१पासून चालत आलेला रोव्हर्स चषक मात्र या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला.

तेव्हा एक विनंती. मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाणारे आता घरटी एक निघतात. तिथे गेल्यावर मोठ्या क्लबच्या रिकाम्या स्टेडियमची सशुल्क सहल घेऊन कपड्यांच्या दुकानातून टी-शर्ट आणण्यापेक्षा जवळच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या मैदानावर जा. मोसम ऑगस्ट ते मे असतो, सामना बहुधा शनिवारी तीनला, तिकीट स्वस्त आणि अनेक ठिकाणी त्याच दिवशी मिळणारं. बसायला जागा घरच्या स्टँडमध्ये घ्या, पण लक्ष समोरच्या कोपऱ्यातल्या दोन-तीनशे माणसांवर ठेवा.