अंदाजपत्रकांतील असत्य

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्यानें प्रथम रूढ केली त्यास प्रपंचाचा अनुभव चांगलाच असला पाहिजे. मनांत योजिलेला खर्च आणि हातून झालेला खर्च यांचा मेळ क्वचितच बसतो, हें प्रत्येक गृहस्थ जाणतो. आणि म्हणूनच अमुक रेल्वेचा किंवा पुलाचा खर्च मूळ अंदाजाच्या दुप्पट झाला असें वाचलें, तर 'चालायचेंच' असें म्हणून तो पान उलटतो. आमच्या मतें हें औदार्य अस्थानीं आहे. घर बांधणारा चुकला तर त्या चुकीचें कर्ज तो स्वतः फेडतो. सरकारी कामाचा अंदाज करणारा चुकला तर तें कर्ज दुसरेच फेडतात, आणि पुष्कळदां त्या दुसऱ्यांचा जन्मही झालेला नसतो. हा भेद एकदां ध्यानांत घेतला म्हणजे हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो.

आपल्या देशांतील पहिल्या लोहमार्गांची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. १८४९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशीं करार केला व तिच्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी दिली. जमीन फुकट द्यावयाची, आणि उत्पन्न कमी पडल्यास तूट या देशाच्या महसुलांतून भरून काढावयाची, असा हा व्यवहार होता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८६३ सालीं भोरघाटांतील मार्ग खुला झाला. हीं कामें थोर होतीं यांत शंका नाहीं. परंतु हमीच्या पद्धतीनें बांधलेल्या मार्गांस मैलीं सुमारें ८,००० पौंड लागतील असा जो मूळ अंदाज होता, तो ओलांडून प्रत्यक्ष खर्च मैलीं सुमारें १८,००० पौंडांवर गेला. एवढें करून काम सर्वत्र पक्कें झालें म्हणावें, तर १८६७ सालीं घाटांतील एक मोठा कमानींचा पूल ढासळून पडला. या सर्व काळांत भागधारकांच्या हमीच्या व्याजास मात्र धक्का लागला नाहीं. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसचिव मॅसी यांनीं १८७२ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष देतांना हें वर्म नेमकें उघड केलें. त्यांच्या सांगण्याचा आशय असा कीं, पांच टक्क्यांची खात्री असल्यावर इंग्रज भांडवलदारास आपला पैसा हुगळी नदींत गेला काय किंवा त्याच्या विटा-चुन्याच्या भिंती झाल्या काय, सारखेंच होतें.

तें परक्यांचें राज्य होतें, म्हणून असें झालें, असें कोणी म्हणेल. परंतु जे देश आपला कारभार आपण पाहतात, त्यांची स्थिति फारशी निराळी नाहीं. बेंट फ्लिव्हब्यर्ग या डॅनिश पंडितानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं २० देशांतील २५८ वाहतुकीच्या कामांचा अभ्यास करून २००२ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दहांपैकीं नऊ कामांत खर्च अंदाजाबाहेर गेला होता. लोहमार्गांत सरासरी शेंकडा ४५, पूल व बोगदे यांत ३४, आणि रस्त्यांत २० इतका. सत्तर वर्षांच्या अनुभवानेंही अंदाज सुधारले नव्हते. येथें सामान्य बुद्धीसही एक शंका येते. नवशिक्या तिरंदाजाचे बाण कधीं लक्ष्याच्या डावीकडे पडतात, कधीं उजवीकडे. सर्व बाण एकाच बाजूस पडूं लागले तर त्याचा हात कच्चा आहे असें आपण म्हणत नाहीं. त्याचा नेम दुसरीकडे आहे असें म्हणतों. अजाणतां झालेली चूक दोन्ही अंगांस झुकते. जी चूक नेहमीं मंजुरी मिळण्याच्या सोयीचीच असते, तिला निव्वळ चूक म्हणणें कठीण आहे.

आतां खरा नैतिक प्रश्न उद्भवतो. समजा, काम लोकोपयोगी आहे; खरा आंकडा सांगितला तर सभासद बिचकतील आणि तें कधींच होणार नाहीं; थोडा कमी सांगितला तर होईल, व पुढील पिढ्या दुवा देतील. अशा वेळीं कमी आंकडा सांगणें पाप आहे काय? अल्बर्ट हिर्शमन या विख्यात अर्थशास्त्रज्ञानें १९६७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, पुढील अडचणी माणसास आधीं दिसत नाहींत हेंच पुष्कळदां बरें. कारण त्या दिसल्या असत्या तर त्यानें कामास हातच घातला नसता, आणि अडचण अंगावर आल्यावर जी कल्पकता जागी होते तीही निजलेलीच राहिली असती. या विचारांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो अज्ञानाचें समर्थन करतो, फसवणुकीचें नव्हे. स्वतःस न दिसणें निराळें, आणि दिसलेलें दुसऱ्यापासून झांकणें निराळें. अश्वत्थाम्याच्या मृत्यूची अर्धी वार्ता सांगतांना धर्मराजासही कार्य मोठेंच दिसत होतें. तथापि त्याचा रथ भूमीस टेंकल्याचें महाभारतकारानें सांगितलें आहे.

शिवाय असत्याची किंमत त्या एका कामापुरतीच द्यावी लागत नाहीं. तिजोरी एकच असते. एका बाजूस शहरांतील भव्य मार्ग, ज्याचा आंकडा कुशलतेनें कमी केलेला आहे. दुसऱ्या बाजूस चार खेड्यांस जोडणारा साधा रस्ता, ज्याचा आंकडा एखाद्या प्रामाणिक इंजिनियरनें पुरेपूर मांडला आहे. कागदावर पहिला स्वस्त दिसतो व निवडला जातो. खोटें नाणें बाजारांत आलें म्हणजे खरें नाणें दिसेनासें होतें, तसाच येथें खरा अंदाज नाहींसा होतो. जो पूल झाला तो सर्वांस दिसतो. जो रस्ता झाला नाहीं तो कोणासच दिसत नाहीं, आणि पावसाळ्यांत ज्या बाळंतिणीस त्यावांचून झोळींतून न्यावें लागतें तिचें नांव कोणत्याही हिशेबांत येत नाहीं.

प्रत्येक वाढीव रुपया असत्याचाच असतो असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू पाहा. १९९९ सालीं त्याची कोनशिला बसली, तेव्हां अंदाज सुमारें ६६० कोटी रुपयांचा होता. ३० जून २००९ रोजीं तो खुला झाला तोंवर खर्च सुमारें १,६०० कोटींवर गेला. मध्यंतरीं दावे झाले, कोळी लोकांनीं हरकती घेतल्या, वरळीच्या बाजूस मार्ग समुद्रांत सरकवावा लागला व तेथें तारांवर तोललेला आणखी एक पूल घालावा लागला. यास अपव्यय म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु त्या किनाऱ्यावर कोळीवाडा आहे, ही गोष्ट १९९९ सालीं कांहीं अज्ञात नव्हती. ज्यांचें पोट त्या पाण्यावर चालतें त्यांचा विचार आराखड्यांत आरंभींच असता, तर तो खर्च वाढीव म्हणून दिसला नसता. अनेकदां 'वाढलेला' खर्च हा वाढलेला नसतोच. तो पहिल्यापासून तेथेंच असतो, फक्त मांडलेला नसतो.

खरें मांडणें अशक्य नाहीं. इंग्लंडच्या अर्थखात्यानें २००३ सालीं असा दंडक घातला कीं, अंदाज करणाऱ्यांची आशाळू वृत्ति गृहीत धरून, पूर्वींच्या तशाच कामांच्या अनुभवानुसार मूळ आंकडा आधींच वाढवावा. उपाय साधा आहे. तो कठीण वाटतो याचें कारण मोठा आंकडा ऐकण्याची नागरिकांसच हौस नसते. जो पुढारी खरें सांगतो तो उधळ्या ठरतो, आणि जो निम्मे सांगून पुढें दुप्पट मागतो तो कर्तबगार म्हणून मिरवतो.

अंदाजपत्रक हें भविष्य नव्हे. तें वचन आहे. ज्यांच्या कष्टाचा पैसा घ्यावयाचा त्यांची संमति त्या आंकड्यावर मागितलेली असते, आणि खोट्या आंकड्यावर मिळालेली संमति ही संमति नव्हे. खडक अनपेक्षित लागला, भाव चढले, तर वचन मोडल्याचा दोष कोणी देणार नाहीं. पण मोडणार हें ठाऊक असतां दिलेलें वचन पुढें उत्तम पूल उभा राहिला म्हणून खरें ठरत नाहीं. पूल चांगला असेल. त्यावरून जाणाऱ्यानें त्याचा उपभोग अवश्य घ्यावा. मात्र पुढील पुलाचा आंकडा पुढें येईल तेव्हां तो कोणीं केला, कशावरून केला, आणि चुकल्यास त्याचें स्वतःचें काय जाणार आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून मान डोलवूं नये.