म्हातारपणाचा सातबारा

पाश्चात्त्य चित्रपटातली वार्धक्याची भीती बहुतेक वेळा आरशात दिसते. बिली वाइल्डरच्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मधली (1950) नॉर्मा डेस्मंड ही मूकपटांच्या काळातली विस्मृतीत गेलेली तारका. आपलं वय कबूल करणं तिला मरणासारखं वाटतं. 'द सबस्टन्स'मधली (2024) डेमी मूरची नायिका तर तरुण देहाच्या हव्यासापायी स्वतःचाच देह पणाला लावते. मराठी चित्रपटातला म्हातारा सुरकुत्यांना एवढा घाबरत नाही. त्याला धास्ती असते ती जागा सुटण्याची: घरातली, गावातली आणि सातबाऱ्यावरची.

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (2018) टोळीयुद्धाचा चित्रपट म्हणून गाजला. मला तो एका बापाच्या म्हातारपणाचा चित्रपट वाटतो. मोहन जोशींनी उभा केलेला सखा पाटील जमीन विकतो, आलेला पैसा उडवून बसतो आणि जिथं मालक होता तिथंच राखणदारी करतो. तीही सुटते, तेव्हा कुटुंब पुण्यात येतं आणि मार्केट यार्डात हमाली करू लागतं. पाठीवर पोतं घेतलेला बाप पोराच्या डोळ्यांसमोर असतो. त्या पोराच्या, राहुल्याच्या हातातल्या हत्यारामागे सूड आहे, पैसा आहे. पण बापासारखं म्हातारं व्हायचं नाही, ही जिद्दही आहे. ती जिद्द फार क्रूरपणे पुरी होते. राहुल्या तरुणपणीच मारला जातो.

म्हातारपणाचं भय तरुणालाच किती जाळतं, हे पुण्याजवळच्या मुळशीइतकं क्वचितच कुठं कळेल. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत इथले मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. तरी जमिनी पाण्याखाली गेल्याच. पुढं हिंजवडीत आयटी पार्क आलं, पुण्याची हद्द भूगाव-पिरंगुटकडे सरकत गेली आणि एकरात मोजली जाणारी शेती गुंठ्यात विकली जाऊ लागली. विसार, साठेखत, खरेदीखत हे शब्द पारावर आले. शेतकऱ्याच्या घरात म्हाताऱ्याचा मान बऱ्याच अंशी जमिनीला बांधलेला असतो. पेरणी कधी करायची, कुठल्या बांधाला पाणी मुरतं, हे त्याला विचारावं लागतं. शेतच गेलं की त्याच्या माहितीला गिऱ्हाईक उरत नाही. एकेकाळच्या या शेतांच्या परिसरात आज ज्येष्ठांसाठी खास गृहसंकुलंही उभी आहेत. म्हातारपणाची सोय तिथं विकत मिळते. जमीन विकून बसलेल्याला ती परवडेलच असं नाही.

'नटसम्राट'चे गणपतराव बेलवलकर शहरी, सुशिक्षित. पण त्यांचा व्यवहार सखा पाटलाहून फार वेगळा नाही. असेल ते मुलांना वाटून मोकळे होतात आणि दारोदार भटकतात. शिरवाडकरांचं नाटक 1970चं, महेश मांजरेकरांचा चित्रपट 2016चा. दरम्यान 2007 साली ज्येष्ठांच्या चरितार्थाचा कायदा आला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर, त्या कायद्याखाली परत मागता येते. पण अट घालायची म्हणजे पोटच्या पोरावर आधीच संशय घ्यायचा. बेलवलकरांना ते जमलं नसतं. आपल्या घराघरांतल्या आईबापांनाही ते सहज जमत नाही.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' याच्याही पुढं जातो. डॉ. मोहन आगाशे यांचे शास्त्री संस्कृतचे पंडित. स्मृतिभ्रंशानं त्यांचं नाव-गाव, विद्या सगळं हातून जातं. हत्तीमागे चालत गेलेल्या या म्हाताऱ्याला माहुताची बायको चन्नम्मा लेकरासारखं सांभाळते. तिला त्यांच्याकडून वारशात काही मिळायचं नसतं. देण्यासारखं काही न उरलेल्या माणसालाही सांभाळता येतं, एवढं हा चित्रपट ठामपणे सांगतो.

या तिन्ही गोष्टी पुरुषांच्या आहेत, कारण गमावण्यासारखं काही बहुधा त्यांच्याच नावावर होतं. सखाच्या बायकोचं, बेलवलकरांच्या कावेरीचं म्हातारपण नवऱ्याच्या निर्णयामागे फरफटत जातं. जमिनीच्या व्यवहारात बाईची आठवण बरेचदा हक्कसोडपत्रावर सही लागते तेव्हा होते. लेकींना आणि बहिणींना मग आग्रहानं गाडीत घालून मुळशी तालुक्यातल्या पौडच्या कचेरीत नेलं जातं. आपल्या चित्रपटाला वार्धक्याचं भय खरोखर समजून घ्यायचं असेल, तर त्यानं पुढची गोष्ट त्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या बाईच्या बाजूनं सांगावी. जमीन हातची जाण्याचं दुःख तिला नवं नाही. ती मुळात तिच्या हाती कधी नव्हतीच.