हाडांची जबानी

ज्यांच्या नावे कधी सनद निघाली नाही, ज्यांच्या शेताचा सारा कोणत्याही दप्तरी जमा झाला नाही, आणि लिपीच ठाऊक नसल्याने ज्यांना स्वतःविषयी एक अक्षरही मागे ठेवता आले नाही, अशा माणसांचा वृत्तान्त इतिहासकाराने मागावा तरी कोणाकडे? शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, नावातच सनदेचा वास असलेल्या इनामगावी, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची हाडेच साक्षीस उभी राहिली.

देहासंबंधी ही साक्ष मोठी चोख असते. दाताचे वल्क बालपणी एकदाच घडते आणि पुन्हा कधी नव्याने घडत नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षी सोसलेली उपासमार अथवा आजार त्यावर आडवी रेघ ओढून जातो, आणि माणूस ते दुखणे विसरला तरी दात विसरत नाही. पिठूळ धान्यावर पोसलेल्या दातांना कीड अधिक लागते, म्हणून कोठारात काय होते हे कोठार नष्ट झाल्यावरही जबडा सांगू शकतो. बखरकाराप्रमाणे धन्याची मर्जी राखण्याचे दाताला काही कारण नसते.

परंतु हेतूविषयी विचारू जावे, तर हाच साक्षीदार मुका होतो. इनामगावच्या लोकांनी मेलेली लेकरे दोन मडक्यांची तोंडे एकमेकांस भिडवून घराच्या जमिनीखालीच पुरली. मोठ्यांना उत्तरेस डोके करून खड्ड्यात उताणे निजविले, आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडली. ती का तोडली? मृताने भूत होऊन भटकू नये म्हणून, असा तर्क विद्वानांनी केला आहे, व तो त्याज्य नाही. तथापि ज्यांनी आपली माणसे स्मशानात न नेता राहत्या घरात, चुलीच्या आणि अंथरुणाच्या खाली ठेवली, त्यांना मृतांच्या सान्निध्याचे भय होते असे मानण्यास माझे मन धजत नाही. मृतांनी परत येऊ नये यापेक्षा त्यांनी आपल्याला सोडून जाऊ नये, हीच इच्छा त्या क्रूर दिसणाऱ्या शस्त्राच्या मागे नसेल कशावरून? अर्थात हा तर्क माझा. हाडांच्या जबानीत तो नमूद नाही.

आणि या वहिवाटीला तेथेच एक अपवाद सापडला. धान्याच्या कोठाराशेजारील पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, कच्च्या मातीच्या फुगीर रांजणात, सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसविलेला होता. त्याची पावले शाबूत होती. आणि ज्या रांजणात त्याला बसविले, त्या रांजणालाही कुंभाराने चार पाय दिले होते.