कारभाऱ्याची चतुराई



अन्यायी कारभाऱ्याचा दाखला (लूक १६) ऐकताना आपण दरवेळी अडखळतो. लबाड माणसाची वाखाणणी का व्हावी? दुसऱ्या महायुद्धातील एका व्यापाऱ्याची हकीकत आपल्याला यावर विचार करायला लावते.

जॉर्जो पेर्लास्का हे इटालियन गृहस्थ. इटलीसाठी मांस व जनावरे खरेदी करायला ते हंगेरीत, बुडापेस्टला गेले होते. मार्च १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरी व्यापली आणि ज्यू लोकांना छळछावण्यांकडे नेणे सुरू झाले. पेर्लास्कांनी स्पॅनिश वकिलातीचा आसरा घेतला. तेथील अधिकारी आंखेल सान्स ब्रिस ज्यूंना संरक्षणपत्रे देत, वकिलातीच्या घरांत ठेवत. पेर्लास्का त्यांना मदत करू लागले.

नोव्हेंबरअखेर सान्स ब्रिस यांना देश सोडावा लागला. आता घरे रिकामी करण्यासाठी माणसे आली. पेर्लास्का पुढे झाले. “साहेब कामासाठी बाहेर गेले आहेत, त्यांच्या जागी मी आहे,” असे त्यांनी ठणकावले. नेमणूक कुणीच केली नव्हती! वकिलातीच्या कागदावर शिक्का मारून त्यांनी ती स्वतःच तयार केली. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य येईपर्यंत ते ‘स्पेनचे प्रतिनिधी’ राहिले. सुमारे ५,२०० जीव वाचले.

हे पाप झाले का? इजिप्तमधील सुइणी शिफ्रा व पुवा यांनी फारोला खरे सांगितले नाही, म्हणून इस्राएलची बाळे जगली. आणि देवाने त्यांचे भले केले. ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही त्याला ते सांगण्यास कुणी बांधलेला नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते.

पण थांबा. यातून आपल्या सोयीच्या थापांना मोकळीक मिळत नाही. पेर्लास्का पकडले गेले असते तर त्यांचाच जीव गेला असता. आपल्या थापेची किंमत मात्र बहुधा दुसराच कुणी मोजतो.

प्रभूने वाखाणली ती लबाडी नव्हे, तर प्रसंग ओळखून वेळीच हातपाय हलवणे. आपणही व्यवहारात हुशार आहोत. घासाघीस, ओळखीपाळखी, कागदपत्रे सारे आपल्याला जमते. ही हुशारी आपण कुणासाठी वापरतो? शेजारच्या विधवेचा अर्ज कचेरीत अडतो, तेव्हा ती कुठे जाते?

पेर्लास्का घरी परतले. चाळीसहून अधिक वर्षे त्यांचे काम जगाला ठाऊक नव्हते. वाचलेल्या काही स्त्रियांनी त्यांना शोधून काढले, तेव्हा कुठे गाजावाजा झाला. १५ ऑगस्ट १९९२ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, ते देवाघरी गेले.

आपली चतुराई दुबळ्यांच्या कामी येवो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.