कुतचा वेढा आणि प्राणांचा हिशेब

विहिरींत पडलेल्या एका मुलास वांचविण्याकरितां दोघांनीं उड्या घेतल्या आणि तिघेहि बुडाले, तर व्यवहारी मनुष्य त्यास अविचार म्हणेल. परंतु त्या दोघांविषयीं आपल्या मनांत जो आदर उपजतो, तो कांहीं केल्या जात नाहीं. एका जिवासाठीं किती जीव धोक्यांत घालावे, हा प्रश्न त्रैराशिकानें सुटणारा नव्हे. युद्धाच्या इतिहासांत हाच प्रश्न हजारोंच्या मापानें उभा राहतो. पहिल्या महायुद्धांतील एका प्रसंगाच्या आधारें आम्ही त्याचा विचार करूं इच्छितों.

१९१५ च्या नोव्हेंबरांत जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालील सहावी, म्हणजेच पुणें डिव्हिजन, तैग्रिस नदीच्या कांठानें बगदादच्या रोखानें जात होती. टेसिफॉनच्या लढाईंत तिचे चार हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. ती मागें हटून नदीच्या वळणांत वसलेल्या कुत-अल-अमारा या गांवीं आली, आणि ७ डिसेंबरला तुर्कांनीं तिला वेढलें. आंत अडकलेल्या पलटणींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तेव्हां हा प्रसंग महाराष्ट्रास परका नाहीं.

त्यांच्या सुटकेसाठीं नदीच्या खालच्या अंगानें दुसरी फौज निघाली. १९१६ च्या जानेवारींत शेख साद, वादी व हन्ना, मार्चमध्यें दुजैला आणि एप्रिलांत सन्नैयत येथें तिनें तुर्कांच्या खंदकांवर हल्ले केले. पाऊस, चिखल व पूर यांनीं वाट अडविली. जखमींस नेण्यास पुरेशा नावा नव्हत्या. अखेर १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर, २९ एप्रिलला, कुत शरण गेलें. लढवय्ये व बाजारबुणगे मिळून सुमारें १३,००० माणसें कैद झालीं. आणि त्यांस सोडवूं पाहणाऱ्या फौजेचे सुमारें २३,००० लोक ठार वा जखमी झाले होते.

हे दोन आंकडे शेजारीं मांडून पुष्कळजण म्हणतात कीं, हा व्यवहार मुळांतच मूर्खपणाचा होता. आम्हांस हें मत मान्य नाहीं. रात्रीच्या अंधारांत एकाकी चौकीवर जो शिपाई उभा राहतो, तो आपल्यावर प्रसंग आल्यास मागचे धांवून येतील या भरंवशावर उभा राहतो. वेढलेल्यांची संख्या मोजून, मगच त्यांच्या मदतीस जावें कीं नाहीं हें ठरविणाऱ्या सैन्यांत हा भरंवसा उरणार नाहीं. निष्ठेस किंमत पडते. आणि ती किंमत वांचलेल्या डोक्यांहून अधिक झाली, एवढ्यानेंच ती निष्ठा दोषास्पद ठरत नाहीं.

पण विहिरींत उडी घेणारा स्वतःचा प्राण पणास लावतो, आणि सेनापति दुसऱ्यांचे. शिपायास नाहीं म्हणण्याची मोकळीक नसते. म्हणून दुसऱ्यांच्या प्राणांवर निष्ठा पाळणाऱ्यावर दोन बंधनें येतात, असें आम्हांस वाटतें. मदत मागणाऱ्यानें आपली गरज खरी व पुरती मोजून सांगितली पाहिजे. आणि जें वांचवावयाचें तीं माणसेंच आहेत, मानमरातब नव्हे, याची सर्वांनीं खातरजमा केली पाहिजे.

पहिलें बंधन कुतमध्यें पाळलें गेलें नाहीं. वेढ्याच्या आरंभीं टाउनशेंड यांनीं गोऱ्या शिपायांस एक महिना व हिंदी शिपायांस दोन महिने पुरेल एवढेंच अन्न असल्याचें कळविलें. त्यामुळें सुटकेस निघालेले जनरल आयल्मर यांनीं तोफा, माणसें व दवाखाने यांची जुळणी पुरी होण्याआधींच घाई केली. २१ जानेवारीला हन्ना येथें मोठा पराभव झाला; जखमी रात्रभर थंडींत व चिखलांत पडून राहिले. त्यानंतर कुतमध्यें घरोघर धान्याची झडती झाली, घोड्यांचें मांसहि हिशेबांत धरलें गेलें, आणि आणखी ८४ दिवस निभाव लागेल असें निघालें! हिंदी शिपायांपैकीं अनेकांनीं धर्मभावनेमुळें तें मांस पुष्कळ दिवस नाकारलें, ही अडचण खरी होती. परंतु कोठारांची व घरांची झडती पहिल्या आठवड्यांतच घेतां आली असती.

दुसऱ्या बंधनाविषयींहि शंका येते. याच सुमारास गॅलिपोलींतून माघार घ्यावी लागली होती, आणि पूर्वेकडील आपला दरारा जाईल ही चिंता राज्यकर्त्यांस लागली होती. एप्रिलच्या शेवटीं वीस लाख पौंडांपर्यंत खंडणी देऊन फौज सोडविण्याची बोलणी झालीं, तीं तुर्कांनीं झिडकारलीं. हा प्रस्ताव लाजिरवाणा होता असें कित्येक म्हणतात. आमच्या मतें त्यांत लाजण्यासारखें फार थोडें होतें. माणसांऐवजीं पैसा खर्चण्याची बुद्धि तेथें प्रथमच झाली, मात्र ती हजारोंचे प्राण गेल्यावर झाली. पुढें टाउनशेंड कॉन्स्टंटिनोपलजवळच्या बेटावर सुखानें राहिले, आणि त्यांचे शिपाई वाळवंटांतून पायीं हांकले जाऊन वाटेंत व रेल्वेच्या कामांवर हजारोंनीं मेले. ज्या भरंवशाच्या नांवानें बाहेरचे मेले, तो भरंवसा आंतल्यांच्या वांट्यास कितपत आला?

१९१७ सालीं चौकशी-मंडळाचा अहवाल निघाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यांनीं राजीनामा दिला. पण सुटकेची फौज वेळेवर पोंचली असती, तर ही चौकशी इतकी कसोशीनें झाली असती कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. विजयाच्या पानावर २३,००० हा आंकडा तळटीपेंत गेला असता, आणि न घेतलेल्या झडतीची आठवणहि कोणास राहिली नसती. यशानें तो दोष लहान झाला नसता. तो केवळ दिसला नसता. म्हणून आमच्या तरुण वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, जिंकलेल्या लढायांचे इतिहास वाचतांना हा प्रश्न अधिक आग्रहानें विचारावा : हीं माणसें कोणाच्या शब्दावर पाठविलीं गेलीं, आणि तो शब्द देण्यापूर्वीं त्यानें आपलें कोठार मोजलें होतें काय?